वीरगळ पुष्कळ झाले. आता वही करा

आमच्या माणदेशात कोणत्याही जुन्या गावी जा, वेशीपाशी नाहीतर देवळामागे एखादा तरी वीरगळ दृष्टीस पडतोच. कमरेएवढा दगड. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्या वीरास उचलून नेत आहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे, आणि शेंड्याला चंद्र व सूर्य. कोणी गावची गुरे सोडविताना पडला, कोणी राजाच्या लढाईत पडला. आता गावकऱ्यांस विचारा, हा कोण? एक सांगेल म्हसोबा, दुसरा सांगेल वेताळ. एका गावी त्याच्यावर धुणे आपटताना मी डोळ्यांनी पाहिले आहे. बहुतेकांवर नाव नाही. ज्याच्यावर असेल ते वाचणारा नाही. माणूस मेला, त्याचा दगड झाला, दगडाचा देव झाला, देवाला शेंदूर लागला, आणि शेंदराखाली तो कोणाच्या पोटचा, कोणाच्या आळीतला होता हे बुजून गेले.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर इंग्रजी अमदानीत तरी निराळे काय झाले? १९१४ चे महायुद्ध संपल्यावर सरकारने अनेक गावांतून शिळा बसविल्या. ह्या गावातून इतके लोक युद्धावर गेले, पैकी इतके मेले, एवढाच मजकूर. आकडा आहे, नाव नाही. साताऱ्याजवळचे आपशिंगे घ्या. त्या एका गावचे ४६ जवान त्या युद्धात पडले, आणि गावाचे नावच ‘आपशिंगे मिलिटरी’ होऊन बसले. मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात आमच्या मराठा पलटणी होत्या. घोड्यांचे मांस खाण्याची पाळी आली आणि १९१६ च्या २९ एप्रिलला शरण जावे लागले. त्या मुलखात मेलेल्यांसाठी बसऱ्यास मोठे स्मारक उभारले गेले. त्यावर गोऱ्या शिपायाचे नाव कोरले, आणि आमच्या साध्या शिपायाची पलटणवार बेरीज मांडली! मरणात सुद्धा एकाला नाव आणि दुसऱ्याला आकडा. ही कबरी सांभाळणारी जी साहेबी संस्था आहे तिने ह्या भेदभावाबद्दल माफी मागितली ती २०२१ साली, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. ज्यांची माफी मागायची त्यांची नातवंडेही तोवर म्हातारी झाली.

स्वराज्यात हे सुधारले, हे कबूल केले पाहिजे. दिल्लीस २०१९ च्या २५ फेब्रुवारीला राष्ट्रीय युद्धस्मारक उघडले. स्वातंत्र्यानंतर पडलेल्या २५,००० हून अधिक जवानांची नावे तेथे दगडी विटांवर एकेक करून कोरली आहेत. नाव, हुद्दा, पलटण. शिपाई असो की मोठा अधिकारी असो, वीट सारखीच. माझ्या बालमित्राची वीटही तेथे आहे. माझा नातू दिल्लीस गेला होता, त्याने तिचे छायाचित्र मोबाइलवर काढून आणून मला दाखविले. मी ते बराच वेळ पाहिले. अक्षरे चांगली आहेत. खोटे काहीच नाही.

पण त्या विटेकडे पाहून माझ्या मित्राविषयी कोणाला काय कळेल? वीट त्याहून जास्त सांगू शकत नाही, तो तिचा दोष नव्हे. जे वीट सांगू शकत नाही ते सांगण्याचे काम आपले, गावकऱ्यांचे. आणि ते आपण टाकून दिले आहे, उलट त्या जागी दुसरेच काही भरून ठेविले आहे, हे मला आज लिहावयाचे आहे.

मी त्याचे नाव लिहीत नाही, गावाचे लिहीत नाही, पलटणीचेही लिहीत नाही. त्याची पत्नी हयात आहे आणि वर्तमानपत्रात नाव यावे अशी तिची इच्छा नाही. वाचकांनी त्याला आपल्याच गावचा समजावे. तो कुणब्याचा, मी न्हाव्याचा. माझा बाप त्यांच्या घरची हजामत करी आणि सुगीला बलुत्याचे धान्य आणी. ते धान्य आमच्या घरी पोचते करावयास हा पोरगा पायलीभर जास्त घालून डोक्यावर घेऊन येई, आणि आमच्याच चुलीपुढे बसून भाकरी खाऊन जाई. त्याच्या आजीला हे खपत नसे. तो तिला सांगे, “मी खाल्लंच न्हाई,” आणि तोंडाला आमची चटणी लागलेली असे. थापा मारण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. पांगाऱ्याचा बिंडा पाठीला बांधून आम्ही एकाच विहिरीत पोहावयास शिकलो, एकाच मोटेच्या नाड्यावर बसून धावेवरून खाली गेलो, आणि शिंगणापूरच्या चैत्री यात्रेला एकाच वर्षी पायी गेलो. तेथे त्याने चार आण्यांची बासरी घेतली. ती त्याला मरेपर्यंत वाजविता आली नाही.

आता गावी काय होते ते ऐका. दरवर्षी १६ डिसेंबरला, म्हणजे विजय दिवसाला, त्याच्या नावाच्या कमानीखाली सभा भरते. कमानीवर त्याचे नाव आहे. त्याच्याखाली ज्यांच्या निधीतून कमान झाली त्या पुढाऱ्याचे नाव आहे, आणि ते दीड वितीने मोठे आहे. सभेत जे बोलावयास उठतात त्यांतल्या एकानेही त्याला पाहिलेला नाही. तरी दरवर्षी तो वाढत जातो. “लहानपणापासून निधड्या छातीचा”, “भीती हा शब्द त्याला ठाऊक नव्हता”, “पाळण्यातच देशसेवेचा ध्यास”. गेल्या खेपेस एका वक्त्याने त्याला जमालपूरच्या लढाईत लढविले, तेथून टांगाईलला नेले आणि शेवटी ढाक्यास शरणागतीच्या वेळी हजर केले. श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. जमालपूरला ‘जंगी पलटण’, म्हणजे मराठ्यांची पहिली पलटण, लढली ती १० डिसेंबरच्या रात्री. टांगाईलला छत्रीधारी उतरले ते ११ डिसेंबरला. आणि ढाक्यात नियाझीने सही केली ती १६ डिसेंबरला. माझा मित्र त्यापूर्वीच, नोव्हेंबरच्या अखेरीस गेला होता. युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले असे पुस्तकांत असते. परंतु पूर्वेच्या सरहद्दीवर नोव्हेंबरातच रक्त सांडू लागले होते, आणि ‘तेरा दिवसांचे युद्ध’ हा जो शब्द लोकांच्या तोंडी बसला आहे त्यात हे आधी मेलेले लोक बसत नाहीत. त्याचा खरा दिवस कोणता हे सभेत कोणी विचारीत नाही. सभेला सोयीचा दिवस १६ डिसेंबर.

आणि तो निधड्या छातीचा होता काय? वाचकहो, तो अंधाराला भीत असे. साधेसुधे नव्हे, चळचळा कापत असे. रात्री ओढ्यापलीकडच्या पिंपळावरून जावयाचे झाले तर मला घरातून उठवून नेई, आणि माझा सदरा मागून घट्ट धरून चाले. आम्ही दहा वर्षांचे असू. एका संध्याकाळी शेरडे घरी आली आणि त्यांत एक काळी गाभण शेळी नव्हती. बाप घरी नव्हता. पण येताच पाठीची सालटी निघणार हे ठरलेले. शिवाय त्या दिवसांत आमच्याकडे लांडगे फार. हा माझ्याकडे आला. मी कंदील घेतला. तो तुकोबांचे अभंग इतक्या मोठ्याने म्हणू लागला की ओढ्याच्या दोन्ही अंगांची कुत्री भुंकू लागली. भीतीने त्याला ओळी आठवेनात, तर एकाच अभंगाचे पहिले चरण पुन्हा पुन्हा. वाटेत तीनदा मला म्हणाला, “चल, माघारी जाऊ.” मी थांबलो की तोच पुढे चालू लागे. शेळी एका बोरीच्या जाळीत सापडली, दोन करडे होऊन पडलेली. एक करडू त्याने पोटाशी धरले, एक मी. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याने काठीने लांडगा मारल्याची गोष्ट सांगितली, आणि मला डोळ्याने दटावले.

हा मुलगा पुढे रात्रीच्या वेळी, परक्या मुलखात, दलदलीतून बंदूक घेऊन पुढे गेला. ज्याला भीती ठाऊक नव्हती असा कोणी पुतळा गेला असता तर त्यात काय मोठेसे? दगडालाही भीती नसते. त्याची भीती काढून घेणारे वक्ते त्याचे मोठेपणच काढून घेतात, आणि वर आपण त्याचा सन्मान केला असे समजतात. शिवाय ह्यात एक दुसरा अपाय आहे. समोर शाळेची पोरे बसलेली असतात. त्यांच्यातला जो पोरगा अंधाराला भितो तो मनात म्हणतो, हे आपल्यासारख्याचे काम नव्हे. त्याला कोणी सांगत नाही की कमानीवर ज्याचे नाव आहे तो तुझ्याहून भित्रा होता.

देशसेवेच्या ध्यासाचीही अशीच गोष्ट. तो १९६७ साली भरती झाला. त्याच्या घरी आठ एकर जमीन, पैकी भिजणारी अर्धा एकर, तीही विहिरीला पाणी असेल तेव्हा. सोसायटीचे देणे थकलेले, बहीण लग्नाला आलेली, आणि सातवीपुढे शिकविण्याची बापाची ऐपत नाही. माणदेशातला, खटावातला पोरगा पलटणीत जातो तो आधी ह्या कारणाने जातो. आमच्याकडे पाऊस पडत नाही म्हणून पोरे बेळगावास जातात आणि गिरणीत जातात, हे आमच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. फक्त सभेत ते बोलावयाचे नसते. बेळगावहून त्याने पहिल्या पगाराची मनिऑर्डर धाडली तेव्हा त्याचा बाप अंगठा उठवून पैसे घेऊन आमच्या घरी आला आणि रुपये मोजून घ्यावयास मला सांगितले. पुढे त्यांची पत्रे मीच वाची आणि उत्तरे मीच लिही. पत्रावर गावाचे नाव नसे, नुसता आकडा आणि एपीओ. तो कोठे आहे हे बापाला शेवटपर्यंत कळले नाही. पत्रात मजकूर काय? विहिरीला पाणी किती आहे. बैल विकू नका. शेरडे किती झाली. सोसायटीचा हप्ता भरला का. देशाविषयी त्यात एक अक्षर नसे. पण गोळी आली तेव्हा तो पळाला नाही. पोटासाठी गेला म्हणून त्याचे मरण हलके ठरते, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या घरातला एक मुलगा पोटासाठी नव्हे तर निव्वळ ध्यासाने शिपाई म्हणून धाडून दाखवावा. व्यासपीठावरून शेजाऱ्याला धडा शिकविण्याच्या गर्जना करणाऱ्यांची मुले बहुधा कोठे असतात हे वाचकांस मी सांगावयास नको.

तार आली ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा मी शेजारच्या गावी शाळेत मास्तर होतो. तार इंग्रजीत, म्हणून मला बोलावणे आले. ते वर्णन मी करीत नाही. एवढेच सांगतो की त्या काळी शव घरी येत नसे. आज तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात येते, बंदुकांची सलामी होते, लोक दर्शन घेतात. ही रीत १९९९ च्या कारगिलच्या युद्धापासून सर्वत्र रूढ झाली. १९७१ सालच्या आयांना तेवढेही मिळाले नाही. जेथे पडला तेथेच सोबत्यांनी अग्नी दिला. त्याच्या आईने मला विचारले, “पर त्योच हुता हे कुणी बघितलं?” ह्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे आपल्या ताब्यातील सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी १९७३-७४ साली परत धाडले गेले. ते कोणीतरी तिला सांगितले, तेव्हापासून ती एस. टी.च्या थांब्यावर जाऊन बसू लागली. त्यांची माणसे माघारी गेली, मग आपली का येत नाहीत, हा तिचा हिशोब होता. त्यात चूक कोणती काढणार? आपले ५४ लोक पाकिस्तानच्या तुरुंगात असावेत अशी यादी सरकारदरबारीच होती, आणि त्यांच्या घरचे लोक कित्येक वर्षे ह्याच आशेवर दारोदार फिरले.

शव नाही, मग क्रिया कशी करावी? एका जाणत्याने सुचविले की दर्भाचा पुतळा करून तो विधिपूर्वक जाळावा लागतो, नाहीतर गती मिळत नाही. दक्षिणेचा आकडाही सांगितला. बाप इतका वेळ बोलला नव्हता. तो म्हणाला, “माझं पोर गवताचं न्हवतं.” आणि उठून गोठ्यात गेला. पुतळा झाला नाही. दहाव्याला माझ्या बापाने त्यांची डोकी केली, आणि त्या वर्षीचे बलुते घेतले नाही.

पुढचे वर्ष म्हणजे १९७२ चा दुष्काळ. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसे होती. त्यांत खडी फोडणाऱ्या एका रांगेत माझ्या मित्राचा बाप होता, आणि त्याच्या शेजारी त्याची वीस वर्षांची विधवा सून होती. पेन्शनचा कागद तेव्हा कोणत्या तरी कचेरीत फिरत होता. तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाई, आणि प्रत्येक वेळी एखादा नवा दाखला मागे. नाव जमत नाही, गावाचे स्पेलिंग जमत नाही, लग्नाचा पुरावा जमत नाही. आमच्यात लग्नाचा पुरावा म्हणजे जेवलेली माणसे! पुढे पेन्शन सुरू झाले, आणि आजवर बिनबोभाट चालू आहे. तेही सांगितले पाहिजे. पण त्या उन्हाळ्यात त्या दोघांनी खडी फोडली, लाल मिलोच्या भाकरी व सुकडी खाल्ली. हे कमानीखाली कोणी बोलत नाही.

आता तिच्याविषयी. लग्न १९७० च्या वैशाखात झाले. त्यानंतर तो दोन वेळा रजेवर आला. नवऱ्याच्या सहवासाचे एकूण दिवस तिने मोजून ठेवले आहेत, सत्तेचाळीस. तिच्या सासूसासऱ्यांचे मन साधे होते. पोरगी एकोणीस वर्षांची आहे, तिचा पाट लावून द्यावा, असे सासराच म्हणाला. आमच्या कुणबी-माळ्यांत, न्हावी-धनगरांत पाटाची चाल पूर्वापार आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. उलट जी उच्चवर्णाची म्हणून चाल होती, विधवेला कोपऱ्यात डांबण्याची, तिच्याविरुद्ध जोतीराव फुल्यांनी जन्म घालविला. परंतु आमच्यांतल्याच ज्यांच्या अंगात देशमुखी शिरली होती ते आडवे आले. काय म्हणाले? “ती आता साधी विधवा नाही, वीरपत्नी आहे. तिने पाट लावला तर गावाची अब्रू जाईल.” पाहा, केवढा मान! ज्या मानाने एका तरण्या पोरीचे सबंध आयुष्य बांधून टाकले. शिवाय पेन्शन बंद होईल ही धास्ती. ही धास्ती अगदीच पोकळ नव्हती. शौर्यपदकाबरोबर मिळणारा भत्ता विधवेने दिराशिवाय दुसऱ्याशी लग्न केले तर बंद होई, अशी सरकारचीच अट होती, आणि ती काढून टाकली २०१७ च्या नोव्हेंबरात. बाईने नवरा म्हणून कोणाला करावे हे भत्ता देणाराने ठरवावयाचे!

ती राहिली. दरवर्षी १५ ऑगस्टला व १६ डिसेंबरला तिला पुढच्या खुर्चीवर बसवितात, साडीचोळी व नारळ देतात, फोटो काढतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पन्नास वर्षांत तिला कोणी बोलाविले नाही. ज्या बायकांचे नवरे सभेत “वीरपत्नींना वंदन” म्हणतात त्यांच्याच घरी वरात निघताना तिने दाराआड उभे राहावयाचे. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तेथील ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात ठराव केला की नवरा मेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे हे गावात बंद. सरकारने त्याचे परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना कित्ता घ्यावयास सांगितले. किती गावांनी मनापासून घेतला ते ज्याने त्याने आपल्या आळीत पाहावे. माझे म्हणणे एवढेच की ज्या गावात कमान आहे त्या गावाने तर हा ठराव कमानीच्या आधी करावयास हवा होता.

काही वर्षांपूर्वी तिने मला एक प्रश्न विचारला. मी पेन्शनचा हयातीचा दाखला भरून द्यावयास गेलो होतो. म्हणाली, “भावजी, ते ल्हानपनी कसं हुतं? मला कुणी सांगितलंच न्हाई.” सत्तरीच्या बाईने आपल्या नवऱ्याविषयी हे विचारावे! सत्तेचाळीस दिवसांत तिला काय कळणार, आणि त्यांतले निम्मे घर माणसांनी भरलेले. सासू बोलत नव्हती, सासरा बोलत नव्हता, आणि कमानीखाली जे बोलत त्यांचा तिला उपयोग नव्हता. मी तिला शेळीची गोष्ट सांगितली. अंधाराला भीत होता हे ऐकून ती हसली, आणि म्हणाली, “तरीच. कंदील इझवू द्येत न्हवते.”

त्या दिवसापासून माझ्या मनाने घेतले की हे काम करावयाचे. मेलेल्या शिपायाचे पेन्शन बायकोला जाते, पदक बापाला जाते, तार घरी जाई. मित्राच्या वाट्याला कागदोपत्री काहीच येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण जे दुसऱ्या कोणापाशी नाही ते मित्रापाशी असते. १९६२ साली, १९६५ साली, १९७१ साली पडलेल्यांचे सवंगडी आज पंचाहत्तरीच्या पुढे गेले आहेत. आमच्यापैकी कोणाचे कान गेले, कोणाची आठवण गेली. पुढील पाच-सात वर्षांत हे सगळे गोळा झाले नाही तर मग शेंदूर लावावयास वीट आहेच.

म्हणून प्रत्येक गावाने एक वही करावी. कमानीसारखा त्याला निधी लागत नाही. शंभर पानी, पुठ्ठ्याची, दुकानात मिळते ती. गावातून पडलेल्या प्रत्येकासाठी वेगळी पाने ठेवावी. त्यात तो कसा मेला हे चार ओळींत लिहावे, कारण ते पलटणीच्या दप्तरात आहेच. तो कसा जगला ते लिहावे. कोणाबरोबर पोहावयास शिकला, कोणाचा मार खाल्ला, कशाला भ्याला, काय चोरले, कोणावर रुसला, घरी पैसे किती धाडले, का गेला. त्याच्या मागे त्याच्या माणसांचे काय झाले तेही लिहावे, खडीसुद्धा. सांगणाऱ्याच्या तोंडची भाषा तशीच ठेवावी. शाळेतल्या मास्तरांनी ती सुधारू नये, हे मी मास्तर असून सांगतो. ‘वीरगती’, ‘धारातीर्थ’ हे शब्द येऊ देऊ नयेत. बायकांस अवश्य विचारावे. बहिणींना पुष्कळ ठाऊक असते आणि त्यांना कोणी विचारीत नाही. शिपाई महार रेजिमेंटचा असेल, मराठ्यांच्या पलटणीतला असेल, मुसलमान गोलंदाज असेल, वही एकच असावी. गावठाणातले एक आणि वस्तीवरचे दुसरे असे दोन वीरगळ आपल्याला नकोत. आणि वाचन करावयाचे ते सभेत नव्हे. ज्याचा जो दिवस असेल त्या संध्याकाळी त्याच्या घरच्या ओट्यावर, पाचपन्नास माणसे बसतील तेवढ्यांत. पुढाऱ्यांना बोलावू नये. आपणहून आले तर खाली बसून ऐकावे.

आमच्या गावी वही सुरू झाली आहे. स्वातंत्र्यानंतर गावचे चौघे पडले. माझ्या मित्राची तेवीस पाने झाली, त्यांतली तीन त्याच्या पत्नीने सांगितली व माझ्या सुनेने उतरून घेतली. दुसऱ्या दोघांची पाने त्यांचे भाऊबंद व सोबती भरीत आहेत. १९६५ सालच्या चौथ्याविषयी मात्र सांगणारा गावात कोणी उरला नाही. त्याच्या नावाची पाने कोरी ठेवली आहेत. त्याची एक बहीण पंढरपूरच्या बाजूला दिलेली होती आणि ती अद्याप आहे असा सुगावा लागला आहे. माघ वारीच्या गर्दीत तपास लागावयाचा नाही, म्हणून वारी उरकल्यावर मी व माझा नातू तिकडे जाणार आहोत.